खाणीत उतरलेले मजूरमंत्री

चंद्रपूरकरांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात ते १६ ऑक्टोबर १९५६ या तारखेने. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी त्यांनी इथे धम्मदीक्षा दिली. ती जागा आज दीक्षाभूमी म्हणून ओळखली जाते. पण याच जिल्ह्याच्या जमिनीखाली राबणाऱ्या माणसांशी त्यांचा संबंध त्याच्याही तेरा वर्षे आधी आला होता. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्या काळात त्यांच्या खात्याने घेतलेला एक निर्णय वादग्रस्त ठरला आणि त्याची पहिली अंमलबजावणी मध्य प्रांतात, म्हणजे चांदा जिल्हा ज्या प्रांतात होता तिथेच झाली. त्या निर्णयापाठोपाठ खाणकामगाराच्या आरोग्यासाठी जे कायदे झाले, त्यांचा पाया आजही टिकून आहे.

चाळीतली वर्षे

आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी लष्करात सुभेदार होते. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथे त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला, बॅरिस्टर झाले. मात्र राहणे बरीच वर्षे परळच्या बीआयटी चाळीत होते. आजूबाजूला गिरणी कामगारांची वस्ती. एका खोलीत अख्खे कुटुंब, सार्वजनिक नळ, सार्वजनिक संडास, आणि गिरणीतून कापसाची धूळ अंगावर घेऊन परतणारी माणसे हे सगळे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, रोज पाहिले होते.

घरातही आजार आणि मृत्यू होते. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. धाकट्या राजरत्नचा मृत्यू १९२६ मधला. पत्नी रमाबाई दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी वारल्या. अपुरे अन्न, दाटीवाटीची वस्ती आणि वेळेवर न मिळणारे उपचार यांची किंमत बायका आणि लहान मुले सर्वांत आधी मोजतात, हे या घराने अनुभवले होते.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भरपगारी विश्रांती देणारे विधेयक आले, तेव्हा आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. स्त्रीला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने त्या खर्चाचा भार उचलला पाहिजे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जुलै १९४२ मध्ये मजूर खाते त्यांच्याकडे आले, तेव्हा कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न त्यांच्यासाठी नवा नव्हता. नवी होती ती खाण.

जमिनीखालचे काम

दुसऱ्या महायुद्धात रेल्वे, पोलाद कारखाने, वीजघरे या सगळ्यांना कोळसा हवा होता. नेमक्या त्याच वेळी कोळशाचे उत्पादन घसरू लागले. लष्करी रस्ते आणि विमानतळांच्या बांधकामावर उघड्यावर काम आणि बरी मजुरी मिळत असताना खाणीत कोण उतरणार? त्यात धान्य महागले, १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. खाणकामगारांपैकी बरेच जण मूळचे शेतकरी किंवा शेतमजूर. पेरणी-कापणीच्या दिवसांत ते गावी निघून जात.

वर्धा खोऱ्यातला कोळसा तोवर सत्तर वर्षे निघत होता. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. त्यानंतर बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, चंद्रपुरातली महाकाली अशा खाणी पुढे आल्या. त्या काळी या खाणी बहुतांशी भुयारी होत्या. कोळशाच्या थरात समांतर आणि आडव्या बोगद्यांचे जाळे खोदत जायचे आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब उभे ठेवायचे, ही पद्धत. छताचे ओझे हे खांब पेलतात. सगळे बोगदे खोदून झाले की मागे सरकत सरकत खांबांचाही कोळसा काढला जातो. सर्वांत जास्त धोका या शेवटच्या टप्प्यात, कारण आता छताला आधार उरतो तो फक्त जंगलातून आलेल्या लाकडी बल्ल्यांचा. अनुभवी कामगार पहारीने छतावर ठोकून आवाज ऐकतो. भरीव आवाज आला तर छत ठीक, पोकळ आला तर मागे फिरायचे. लाकूड मोडण्याआधी करकरते, आणि त्या आवाजाने अनेकांचे प्राण वाचले आहेत.

कोळसा फोडण्यासाठी सब्बल, पहार आणि सुरुंग. भोक पाडायचे, बारूद भरायची, बार उडवायचा आणि धूर पुरता विरायच्या आत माल भरायला पुढे सरकायचे. फुटलेला कोळसा टोपल्यांत भरून लोखंडी टबांपर्यंत वाहायचा, टब रुळांवरून ढकलत न्यायचे. हवा कोंदट, पाय पाण्यात, उजेड हातातल्या दिव्यापुरता.

शरीरावर याचे परिणाम अनेक अंगांनी होतात. कोळशाची मोठी धूळ नाकात आणि घशात अडकते, खोकल्यावाटे काळ्या थुंकीतून बाहेर पडते. घातक असते ती डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ. पाच मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या संरक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरतात, दाह होतो, त्या जागी व्रणासारखी कठीण ऊती तयार होते. दहा-पंधरा वर्षांत फुप्फुसाची लवचीकता जाते आणि चार पायऱ्या चढतानाही दम लागतो. या आजाराला न्यूमोकोनिओसिस म्हणतात. दगडाच्या थरातून बोगदा काढावा लागला तर धुळीत सिलिका असते, आणि सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाचा धोका बराच वाढतो.

वायूंचे भय वेगळे. मिथेनचे हवेतले प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की एका ठिणगीने स्फोट होतो. जुन्या, हवा न खेळणाऱ्या बोगद्यांत कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन साचतात. तिथे आधी दिवा मंदावतो, मग माणूस कोसळतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. वर्धा खोऱ्याच्या कोळशाला आपोआप तापून पेट घेण्याची खोड आहे. आत राहून गेलेला कोळसा हवेशी संपर्क आल्यावर तापत जातो, म्हणून रिकाम्या जागा वाळू आणि पाण्याने भरून काढणे इथे विशेष महत्त्वाचे.

याशिवाय मलेरिया, आमांश आणि अनवाणी पायांतून शिरणारे अंकुशकृमी होतेच. खाणीच्या तोंडाशी अंघोळीची सोय नव्हती. काळ्या अंगानेच मजूर एकाच खोलीच्या घरी जाई आणि ती धूळ घरातल्या भांड्यांवर, अंथरुणांवर पसरे.

बंदी उठली

त्या आधीच्या काळात खाणीत नवरा-बायको जोडीने काम करीत. तो कोळसा फोडी, ती टोपली भरून वाही. ओझे वाहून होणारे गर्भपात, आत बाळाला घेऊन येणाऱ्या आया, यांवर टीका होऊ लागली. १९२९ पासून भूमिगत कामातल्या स्त्रियांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे नियम झाले आणि १९३७ मध्ये पूर्ण बंदी आली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा या विषयावरचा करार भारताने १९३८ मध्ये मान्य केला.

बंदीला दुसरी बाजूही होती. जोडीची कमाई निम्म्यावर आली, आणि घर चालेना म्हणून काही कुटुंबांनी खाणच सोडली. युद्धात मजूर मिळेनासे झाल्यावर खाणमालकांनी हाच मुद्दा पुढे केला. ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारने आधी मध्य प्रांतातल्या खाणींपुरती बंदी उठवली आणि वर्ष संपण्याआधी ती सवलत बंगाल, बिहारकडेही नेली. चांदा आणि छिंदवाड्याकडच्या खाणींमध्ये स्त्रिया पुन्हा टोपल्या घेऊन खाली उतरू लागल्या.

पंधरा वर्षांपूर्वी बाळंतिणीच्या विश्रांतीसाठी उभा राहिलेला माणूसच आता या निर्णयाची जबाबदारी घेणारा मंत्री होता. अखिल भारतीय महिला परिषदेने जोरदार निषेध केला. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात चर्चा झाली, तेव्हा आंबेडकरांना उत्तर द्यावे लागले. त्यांनी निर्णय चांगला असल्याचा दावा केला नाही. युद्धकाळातली तात्पुरती निकड म्हणून तो मांडला आणि त्याला घातलेल्या अटी सांगितल्या. समान कामाला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, आणि साडेपाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या बोगद्यात स्त्रियांना लावता येणार नाही, या त्यातल्या महत्त्वाच्या अटी.

उंचीची अट आरोग्याच्या दृष्टीने मोलाची होती. बुटक्या बोगद्यात डोक्यावर ओझे घेऊन वाकून चालले की कण्यावर आणि ओटीपोटावर ताण कितीतरी वाढतो. समान मजुरीच्या अटीमुळे स्त्री म्हणजे स्वस्त मजूर हा मालकाचा हिशेब सुटत नव्हता. तरीही अटींनी निर्णयाची मुळातली चूक भरून निघत नाही, हे विरोधकांचे म्हणणे खोटे नव्हते. हवा तीच होती, धूळ तीच होती. गरोदर स्त्रीने कार्बन मोनॉक्साइड श्वासात घेतला तर तो नाळेतून गर्भापर्यंत जातो, हे आजचे शास्त्र सांगते. युद्ध संपल्यावर १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. तेव्हाही आंबेडकरच खाते सांभाळत होते.

चारशे फूट खाली

डिसेंबर १९४३ मध्ये आंबेडकर धनबादकडच्या झरिया कोळसा पट्ट्यात गेले. भुलनबरारी खाणीत ते सुमारे चारशे फूट खाली उतरले आणि काम कसे चालते ते पाहिले. कामगारांशी मजुरीबद्दल बोलले, राहत्या खोल्या आणि दवाखाने पाहिले. तिथून राणीगंजच्या खाणींकडे गेले. देशातला बहुतेक कोळसा या दोन पट्ट्यांतून येत असे आणि मध्य प्रांतातल्या खाणींची अवस्था त्याहून बरी असण्याचे कारण नव्हते.

या भेटीनंतर दोन महिन्यांच्या आत, ३१ जानेवारी १९४४ रोजी, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्यामागची कल्पना एका अर्थतज्ज्ञाला शोभणारी होती. खाणीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर काही आण्यांचा उपकर बसवायचा आणि तो पैसा फक्त कामगारांच्या घरांवर, पिण्याच्या पाण्यावर, अंघोळीच्या सोयींवर, शाळांवर, दवाखान्यांवर आणि पोषणावर खर्च करायचा. यात मालकाच्या दानतीचा प्रश्न उरत नाही. कोळसा निघतो तेव्हा माणूस झिजतो, म्हणून त्या झिजेचा खर्च कोळशाच्या किमतीतच धरला पाहिजे, असे तत्त्व त्यातून कायद्यात आले. निधीवर देखरेख करणाऱ्या सल्लागार समितीत मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी होते, एका स्त्री सदस्याचीही तरतूद होती.

या निधीतून मलेरियाविरोधी मोहिमा आणि दवाखाने सुरू झाले. पुढे धनबादला आणि आसनसोलजवळ कल्ला इथे खाणकामगारांची मोठी रुग्णालये उभी राहिली. वस्तीजवळचे डबके बुजवणे आणि शुद्ध पाण्याचा नळ आणणे यांचा परिणाम औषधाच्या बाटलीपेक्षा मोठा असतो, हे सार्वजनिक आरोग्याचे सूत्र इथे खाणीच्या वस्तीला लागू झाले.

खाणीतल्या स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचा कायदा १९४१ मध्ये झाला होता. आंबेडकरांच्या खात्याने १९४३ आणि १९४५ मध्ये त्यात दुरुस्त्या केल्या. भूमिगत काम करणाऱ्या स्त्रीला वर काम करणाऱ्या स्त्रीपेक्षा जास्त आठवड्यांची रजा मिळावी, बाळंतपणानंतर तिला लगेच खाली पाठवता येऊ नये, हा १९४५ च्या दुरुस्तीचा हेतू होता. त्यापाठोपाठ खाणींवर पाळणाघरे सक्तीची करण्याची तरतूद झाली. अफू चाटवून बाळाला झोपवायचे आणि कामावर जायचे, ही गरीब कामगार वस्त्यांतली जुनी रीत मोडायची तर पाळणाघराला पर्याय नव्हता.

१९४६ मध्ये खाणीच्या तोंडाशी शॉवरची न्हाणीघरे आणि कपडे ठेवायला कपाटे देण्याची तरतूद कायद्यात आली. ही तरतूद किरकोळ वाटेल, पण तिचा उपयोग साधा आणि थेट आहे. धूळ, तेल आणि घाम अंगावर तासन्तास राहिले की त्वचेचे विकार वाढतात. धुळीचे कपडे घरी धुणारी बायको आणि त्यांच्याजवळ खेळणारे मूल हेही त्या धुळीचे वाटेकरी होतात. अंघोळ खाणीवरच झाली तर खाण घरात शिरत नाही. अभ्रक खाणींच्या कामगारांसाठीही त्याच वर्षी स्वतंत्र कल्याण निधी झाला.

संविधानातली खाण

१९४६ च्या मध्यावर आंबेडकर या पदावरून बाहेर पडले आणि लवकरच संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. मजूर खात्यातली चार वर्षे मागे राहिली नाहीत. कलम २४ नुसार चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात किंवा खाणीत लावता येत नाही. कलम ३९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन आणि कामगारांचे आरोग्य व ताकद यांचा गैरवापर होऊ नये, ही दिशा सांगितली आहे. कलम ४२ कामाच्या ठिकाणी न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांविषयी आहे.

स्वतः आंबेडकरांची प्रकृती या काळात ढासळत गेली. मधुमेह, मज्जातंतूंचा दाह, पायांचे दुखणे यांनी त्यांना पोखरले. १९४८ मध्ये त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला आणि त्यांनी पुढे त्यांची शुश्रूषा केली. १९५६ च्या ऑक्टोबरात चंद्रपूरला आले तेव्हा त्यांना आधाराशिवाय फार वेळ उभे राहणेही कठीण होते. त्यानंतर सात आठवड्यांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले.

खाण बदलली, धूळ राहिली

१९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांवरची भूमिगत कामाची बंदी कायम ठेवली. १९७३ मध्ये उरलेल्या खासगी कोळसा खाणींचेही राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ पासून चंद्रपूरच्या खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आल्या आणि कल्याण निधीचे काम कालांतराने कोळसा कंपन्यांकडे गेले. आता जिल्ह्यातला बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. छत कोसळण्याचे भय त्यात नाही, पण सुरुंग, अवजड डंपर, कानठळ्या बसवणारा आवाज आणि मे महिन्यातले ४५ अंशांपुढचे ऊन आहे. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे खाणकामही उघड्यावरच चालते. उघड्या खाणीची धूळ खाणीपुरती राहत नाही. ती रस्त्याकडेच्या गावांत, झाडांच्या पानांवर आणि घरांच्या ओसरीवर उतरते.

न्यूमोकोनिओसिस आणि सिलिकोसिस पूर्ण बरे करणारा उपचार अजून नाही. लवकर ओळख आणि धुळीपासून दूर होणे, एवढाच उपाय. म्हणून खाणीत काम करणाऱ्याने, विशेषतः ठेकेदाराकडे काम करणाऱ्याने, ठरावीक वर्षांनी होणारी वैद्यकीय तपासणी आणि छातीचा एक्स-रे टाळू नये. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, वजन उतरू लागले किंवा पूर्वीपेक्षा लवकर दम लागू लागला, तर आपण कोणत्या खाणीत, कोणत्या कामावर, किती वर्षे होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. खनिज धुळीचा इतिहास माहीत नसेल तर हा आजार सहज क्षय किंवा दमा समजला जातो.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांना भूमिगत खाणीत तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांवर, त्यांच्या लेखी संमतीने नेमण्याची मुभा दिली. या वेळी युद्धाची निकड नाही. खाण अभियांत्रिकी शिकलेल्या मुलींची ती स्वतःची मागणी होती. तरीही पडताळून पाहायच्या गोष्टी १९४४ मधल्याच आहेत: वेतन समान आहे का, बाळंतपणाची रजा नीट मिळते का, पाळणाघर चालू आहे का, पाळी संपल्यावर अंग धुवायला पाणी आहे का. चंद्रपूरच्या कोणत्याही खाणीवर, स्त्री असो वा पुरुष, कायम असो वा ठेक्यावरचा, कामगाराच्या आरोग्याचा हिशेब तपासायला हे प्रश्न आजही पुरतात.